गाळलेलं वाक्य

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पडलंय आणि मी उत्तर टाळतोय, हे तू ओळखलंच असशील. ऑफिसात दिवसभर वीजमीटरच्या तक्रारी, संध्याकाळी तालीम, जिवाला उसंत म्हणून नाही. आमच्या हौशी मंडळाने यंदा नवं नाटक घेतलंय आणि मुख्य काम माझ्या गळ्यात पडलंय. एक पुढारी आहे. निवडणुकीला उभा आहे, घरी बायको आहे, आणि तरुणपणापासून त्याचा जीव एका मित्रावर आहे. म्हणजे एखाद्याचा बाईवर असतो ना, तसाच. विरोधकांना ते कळतं, आणि मग दोन अंक नुसती पळापळ. शेवटी तो भर सभेत उभा राहून सांगतो, की लग्न केलं तेव्हाही माझा जीव त्याच्यावरच होता. आमच्या दिग्दर्शकाला आम्ही तोफखाना म्हणतो, कारण त्याला हळू बोलताच येत नाही. हे काम मला का दिलं म्हणून विचारलं, तर म्हणाला की तुझा चेहरा दमलेल्या पुढाऱ्याचा आहे. बरं झालं, दुसरं काही म्हणाला नाही.

ही नेहमीप्रमाणे प्रॉम्प्टिंगला आहे. दिवसभर दातांच्या दवाखान्यात पेशंटांचे नंबर लावायची नोकरी करून येते आणि संध्याकाळी विंगेत स्टुलावर नाटकाचं पुस्तक घेऊन बसते. मी अडलो की माझं वाक्य तीच मला देते. आणि ताई, आता माझ्याच्याने हे होत नाही. कॉलेजात असताना तुला जे सांगितलं होतं, ते हिला ठाऊक नाही. मला पुरुष आवडतात, बायका नाहीत, आणि लग्नाने त्यात काडीचा फरक पडला नाही. मी कुठे शेण खाल्लेलं नाही, तेवढा विश्वास ठेव. पण घरात शिरलं की चांगला नवरा व्हायचं, हसायचं, बाजाराची पिशवी उचलायची आणि झोपताना भिंतीकडे तोंड करायचं, याचा आता शीण आलाय. हिला सांगून टाकावं म्हणतो. तुझं काय म्हणणं?

बाकी ठीक. गुडघ्यांना जप. आहे तेवढी माया राहू दे, जास्तीची मागत नाही.

तुझा,
ठोंब्या


११ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. आ.

पत्र वाचलं आणि शिलाई मशीन बंद करून बसले. शाळा उघडायच्या आत गणवेशांचा ढीग उरकायचाय, कामाच्या दोन मुली आल्या नाहीत, आणि तू हे असलं लिहितोस. अरे, तिने तुझं काय घोडं मारलंय? इतकी वर्षं तुझा संसार केला, तुझी नाटकं सांभाळली, आणि आता तू तिला सांगणार की तू मला कधी नकोच होतीस? तुझं मन हलकं होईल रे, पण ते ओझं जाणार तिच्या डोक्यावर. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हाही हेच सांगितलं होतं, आजही हेच सांगते.

मला तुझी दया येत नाही असं समजू नकोस. बाबांसमोर तू कसा अंग चोरून उभा राहायचास, ते पाहिलंय मी. पण या वयात तिने जायचं कुठे? माहेरी भाऊ-भावजय, त्यांची तोंडं तुला माहीत आहेत. आणि एकटं राहणं काय असतं ते मला विचार. तुझे भावोजी गेल्यापासून या घरात मी मोठ्याने शिंकले तरी मलाच दचकायला होतं. नाटक मिळालंय ना तुला? मग काय बोलायचं ते तिथे बोल, त्या पुढाऱ्याच्या तोंडून बोल. भरल्या सभागृहासमोर बोल, टाळ्या घे आणि घरी येऊन गप जेव. एवढी सोय फार थोड्यांना मिळते.

रागावले आहे, पण मायेत खोट नाही, हे जाणून अस.

तुझी,
ताई


६ एप्रिल

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेले उशांचे अभ्रे मिळाले. आता आमच्या उशांना त्यांच्यापुढे लाज वाटते. इकडे नाटकाने नुसता उच्छाद मांडलाय. सभागृह नगरपालिकेचं, म्हणून आधी त्यांच्या कमिटीला नाटक दाखवावं लागतं. दोघे जण आले, पहिल्या रांगेत बसले, आमचा चहा प्यायले आणि अख्खी तालीम पाहिली. नाटकात पुढारी लाच खातो, मतपेट्या पळवतो, एकाला पार आयुष्यातून उठवतो. त्यावर चकार शब्द नाही. बोट ठेवलं ते सभेतल्या एका वाक्यावर. लग्न केलं तेव्हाही जीव त्याच्यावर होता, हे गाळा, नाहीतर सभागृह नाही. म्हणे लोकांच्या संसारांवर परिणाम होतो. मतपेट्या पळवल्याने होत नसावा! तोफखाना दोन दिवस धडाडला आणि मग मुकाट्याने नवं वाक्य लिहून घेऊन आला, की लग्न केलं तेव्हाही माझा जीव राजकारणावरच होता. ते पुस्तकात चिकटवताना मला हसू आवरेना. हे मात्र हसले नाहीत.

यांच्याबद्दलच लिहायचंय. मित्राचं काम करणाऱ्या नटाला कावीळ झाली, तेव्हा त्याच्या जागी पुस्तक हातात धरून मीच उभी राहत होते. याला प्रॉक्सी म्हणतात. नुसतं वाचायचं, अभिनय करायचा नाही. समोर हे. ताई, यांची सगळी कामं मी विंगेतून पाहिली आहेत. राजा पाहिला, भिकारी पाहिला, यांचा खोटा हुंदका कुठल्या श्वासावर येतो ते मला पाठ आहे. पण त्या प्रवेशात मला मित्र समजून यांनी ज्या नजरेने पाहिलं, तसं बायको म्हणून कधी पाहिलेलं नाही. हातात पुस्तक असून मी ओळ चुकले.

त्या नाटकातली बायको सगळं कळूनही नवऱ्यासाठी दारोदार मतं मागत फिरते. लेखकाला ते फार थोर वाटतं. मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. असो. हे जेवत नाहीत, बोलत नाहीत, काही विचारलं की हसून दाखवतात. माझ्यापासून काही लपवताहेत का? तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. काय असेल ते असो, मी ऐकून घेईन. हे असं अंधारात चाचपडणं नको झालंय.

तुमचा जीव आहे माझ्यावर, म्हणून हक्काने विचारते. तो तसाच असू द्या.

तुमची,
भावजय


१२ एप्रिल

चि. सौ. वहिनीस,
अ. आ.

काळजीचं काही कारण नाही गं. तो लहानपणापासून असाच. परीक्षा आली की जेवायचा नाही, नाटक आलं की जेवायचा नाही. पुरुषांचं हे वयही जरा वाईटच असतं. प्रयोग होऊन जाऊ दे, आपोआप ताळ्यावर येईल. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस, आणि त्याला फार खोदून विचारूही नकोस. सुट्टीच्या दिवशी दुपारी जरा झोप काढत जा, डोकं शांत राहतं. माझे गणवेश अजून निम्मे व्हायचेत, म्हणून इथेच थांबते.

मला तुम्ही दोघं सारखीच. मनात काही आणू नकोस.

ताई


१५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी दुपारी प्रयोग आहे. तू म्हणालीस नाटकात बोल, तर तेही वाक्य गाळलं. म्हणजे घरी बोलायचं नाही आणि खोटी दाढी लावूनही बोलायचं नाही. परवा हिने मला विचारलं, की माझं काही चुकतंय का, माझ्यात काही कमी आहे का. मी हसून नाही म्हणालो, आणि मला माझीच किळस आली. ताई, ती सगळा दोष स्वतःकडे घेऊन बसली आहे. हे मला बघवत नाही. प्रयोग झाला की सोमवारी मी तिला सांगणार. घर मोडेल, ती कदाचित पुन्हा माझं तोंडही बघणार नाही. पण आता तुझं ऐकत नाही, माफ कर.

रागावलीस तरी टाकू नकोस.

ठोंब्या


२४ एप्रिल

ती. ताई,
नमस्कार.

रविवारी प्रयोग झाला, पहिला आणि शेवटचा. सभागृह गच्च, कमिटीचे दोघे पुढेच. सभेचा प्रवेश आला. तो व्यासपीठावर उभा राहिला, लग्न केलं तेव्हाही, एवढं म्हणाला आणि थांबला. पार कोरा झाला होता. त्याला आता अरेतुरे करते, आमच्यात तसं ठरलंय. तर नट अडला की दोन श्वास थांबून ओळ द्यायची हा नियम, आणि प्रॉम्प्टरची नजर पुस्तकावर हवी हा त्याहून मोठा नियम. माझी नजर त्याच्या तोंडावर होती. माझ्या तोंडून गेलं ते जुनं वाक्य, माझा जीव त्याच्यावरच होता. त्याने मान वळवून विंगेत माझ्याकडे पाहिलं. मग लोकांकडे तोंड केलं आणि ते वाक्य म्हणाला. इतक्या हळू, की मागच्या रांगेपर्यंत कसं गेलं कोण जाणे, पण गेलं. कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग कमिटीतला जाडा उठून प्रयोग बंद करा म्हणून ओरडू लागला, तर मागच्यांनी खाली बसा, दिसत नाही म्हणून त्यालाच दटावलं. नाटक शेवटपर्यंत झालं. दुसऱ्या दिवसापासून सभागृह आम्हाला बंद. तोफखान्याने सगळा दारूगोळा माझ्यावर उधळला आणि मुद्दाम केलंस का म्हणून विचारलं. मुद्दाम नाही केलं. चूक झाली, आणि त्या चुकीची मला लाज वाटत नाही असंही सांगून टाकलं.

सोमवारी सकाळी दोघांनी रजा टाकली. मी चहा ठेवला आणि त्याने सांगितलं. मी म्हटलं, मला कळलंय, त्या प्रॉक्सीच्या दिवसांपासून मनात येत होतं, फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं. तो रडला. मीही रडले, मग चिडले, भांडी आपटली, त्याला नाही नाही ते बोलले. माझी उमेदीची वर्षं गेली, ती काही तो भरून देणार नाही. मग विचारलं, की हे आणखी कुणाला ठाऊक होतं. त्याने तुमचं सांगितलं.

ताई, मूल होत नाही म्हणून मला डॉक्टरीणबाईंकडे तुम्ही घेऊन गेला होतात. आत माझ्या तपासण्या चालल्या होत्या, तेव्हा बाहेरच्या बाकावर माझी पर्स मांडीवर घेऊन तुम्ही बसला होतात. तुम्हाला तेव्हाही ठाऊक होतं. आणि परवा मी सरळ विचारलं, तर तुम्ही मला दुपारी झोप काढायला सांगितलंत. माझ्या भल्यासाठी गप्प राहिलात, असं म्हणाल. माझं भलं कशात आहे, हे एकदा मला विचारायचं होतं. त्याच्यावरचा राग दोन दिवसांत खाली बसला. तुमच्यावरचा बसत नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतोय, कारण माझ्या सख्ख्या बहिणीपेक्षा मी तुम्हाला मानत आले.

ठरलं ते असं. मी याच घरात राहणार. दवाखाना जवळ आहे, शेजार चांगला आहे, माझं अडत नाही. त्याने बदलीचा अर्ज दिलाय, तोवर तुमच्याकडे येतोय. कुणी कुणाला हाकललेलं नाही, दोघांनी बसून ठरवलं. त्याला ओरडू नका. फार दमलाय तो. झोपेल तेवढा झोपू द्या, आणि हसून दाखवायला लागला तर गप्प करा.

आता शेवटचं. हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, म्हणून तुमच्यावर राग असूनही तुम्हालाच सांगते. सोमवारी भांडून झाल्यावर तो संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात बसून बोलत होता. शाळेत कुणावर जीव जडला होता, बाबांची किती भीती वाटायची, आमचं लग्न ठरलं तेव्हा त्याला काय वाटलं, सगळं. मग मला माझं विचारू लागला, आणि मी काय सांगते ते ऐकून घेऊ लागला. मध्येच कशावरून तरी आम्ही दोघं पोट धरून हसलो. दोनदा चहा केला, दोनदा गार झाला. इतकी वर्षं मला जसा नवरा हवा होता ना, ताई, अगदी तसा माणूस मला त्या दिवशी भेटला. त्यालाच मी शनिवारी गाडीत बसवून देणार आहे.

लोभ असावा असं यावेळी लिहवत नाही. उरला असेल तर तुम्हीच कळवा.

तुमच्या भावाची बायको,
अजून तरी