ढिगातल्या सपाता

३ जून
आलो एकदाचा वृद्धनिवासात! खिडकीशी खाट, बाहेर डेरेदार झाड आणि लांबलचक व्हरांडा. मंदाक्रांता गुणगुणत फेऱ्या घालायला याहून चांगली जागा कोणती? शाळेत बाई त्या वृत्तावर आम्हांला पावलं टाकायला लावायच्या. अजून पाय विसरलेले नाहीत. शेजारच्या खाटेवर निवृत्त पोस्टमन, सगळ्यांचे अण्णा. म्हणाले, कवी आला, आता झोपेचं खोबरं! इथे एक नियम आहे: आपल्या चपला दारात जमा करायच्या आणि आत ढिगातल्या रबरी सपाता घालायच्या. ज्याला जी होईल ती त्याची.

९ जून
सपाता कायम ओल्या. बोटांच्या बेचक्यांत खाज, कातडी पांढरी पडून सोलवटलेली, वर कुबट वास. या चिखल्याच. उपाय साधा: पाय धुऊन बेचक्या कोरड्या टिपायच्या, बुरशीवरचं मलम लावायचं, पंचा आणि पादत्राण वेगळं ठेवायचं. खाज थांबली तरी मलम सोडायचं नाही. मी सुरू केलंय. पण अण्णांना मधुमेह, बेचक्या चिरल्यात, टाचांना भेगा. त्यांना डॉक्टरकडे न्या, त्यांच्या चपला परत द्या, असं व्यवस्थापिकाबाईंना सांगितलं. तर म्हणे, आजोबा, तुम्ही आपल्या कविता म्हणा, डॉक्टरकी नको!

१६ जून
बाईंनी अण्णांना बिननावाच्या डबीतलं मलम चोपडलं. खाज लगेच गेली, अण्णा खूश. लाल कडं मात्र घोट्यापर्यंत चढलंय. तळपायाची आग मस्तकात गेली! स्टेरॉइडचं असणार ते मलम; खाज मारली आणि रोग पोसला. सपाता भर उन्हात टाकल्या, तरी ओल्याच. आणि आतून ऊबदार, कुणी आत्ताच पाय काढल्यासारख्या.

२० जून
अण्णांच्या बोटांमधल्या फटी बुजल्या. सपाता ओढून काढायला गेलो तर किंचाळले. बाई हसल्या. म्हणे, छान बसल्यात की मापाच्या! हसता? लाज नाही वाटत? माणूस आहे तो, त्याच्या पायाशी —

२१ जून
अण्णांची खाट रिकामी. कुठे नेलं, पत्ता नाही. ढिगात नवा जोड आलाय. टाचांना भेगा आहेत. रबराला!

२२ जून
ढीग लाथाडला. अनवाणी फिरलो. बाईंच्या चौघा नोकरांनी दाबून धरलं, घातल्याच. जन्मात दिल्या नाहीत त्या शिव्या दिल्या — हरामखोर —

२३ जून
निघत नाहीत. कात्री मिळवली. पट्टा कापतोय —
दुखलं.
पट्ट्यातून रक्त —