पंधरा दिवसांची गोळी

नांदेड,
बुधवार

प्रिय अण्णा,

हे पत्र निजामोद्दीन चाचांच्या हाती देत आहे. मांडवाचे सामान पोहोचवायला ते नांदेडला आले होते. संध्याकाळपर्यंत त्यांचा टेम्पो रेणापूरला परत येईल. शनिवारी लातूरच्या लग्नात तुम्ही भट्टी पेटवाल, त्याआधी हे तुमच्या वाचनात यावे अशी माझी इच्छा आहे. फोनवर हे सांगता आले नसते. तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि आपल्या घरात स्पीकरवर बोलणे म्हणजे धुरपताबाईंसह साऱ्या गल्लीशी बोलणे. शिवाय समोरासमोर माझे वाक्य अर्ध्यात तुटते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. कागदावर ते पूर्ण होते.

आधी खुशाली. सेटची परीक्षा चांगली झाली. चाचांच्या लेकीने, वहिदाने, मला स्वतःच्या घरी ठेवून घेतले आहे आणि औषधांच्या दुकानातून दमून आल्यावरही ती माझ्याआधी चुलीशी जाते. मी दारात पाऊल ठेवले तेव्हा तिने परीक्षेची चौकशी केली नाही. "काकांची गोळी बंद होऊन किती दिवस झाले?" हाच पहिला प्रश्न. एक्केचाळीस, असे मी सांगितले, तेव्हा तिने मला उचलून गरकन फिरवले. तिच्या सासूबाई बघत होत्या. मी लाजेने अर्धी झाले, पण खरे सांगते, मलाही तसेच फिरावेसे वाटत होते.

सोमवारी डॉक्टर मॅडमनी तुम्हांला परवानगी दिली, हे आईने कळवले. शनिवारी, चार महिन्यांनंतर, आमटीची पहिली पळी तुम्ही स्वतःच्या तळहातावर घ्याल. आई असेही म्हणाली की सोमवारपासून तुम्ही गप्प गप्प आहात. "गोळीबरुबर जीभबी गेली असली तर? जिभेचा भरवसा न्हाई ऱ्हायला, की आचाऱ्यानं पळी खाली ठेवावी," असे तुम्ही तिला म्हणालात. ते ऐकल्यापासून माझे कशातच लक्ष नाही.

वहिदाने हे सारे सुरू केले तो दिवस तुम्हांला आठवतो का? गणपतीत ती आपल्याकडे आली होती. तुम्ही सकाळच्या पहिल्या पाण्याबरोबर गोळी घेतलीत आणि तिने सहज विचारले, "काका, ही कशाची?" तुम्ही म्हणालात, "आम्लपित्ताची. नऊ वर्षं झाली, एक दिवस खाडा न्हाई." जणू शाळेतली हजेरी सांगत होतात. तिने चिठ्ठी मागितली. तुम्ही मसाल्यांच्या प्रमाणाच्या वहीतून, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला तो कागद काढलात. त्यावर गोळीचे नाव होते आणि पुढे लिहिले होते, पंधरा दिवस. वहिदाने ते दोन शब्द पुन्हा वाचले. "काका, हे पंधरा दिवस कधी संपले?" तुम्ही अगदी निरागसपणे म्हणालात, "बंद कर म्हणून कुणी म्हणलंच न्हाई की." सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण मीही तशीच आहे. बाईंनी "थांबा" म्हणेपर्यंत मी शुद्धलेखन लिहीत राहायची. घंटा होऊन वर्ग रिकामा झाला तरी. पहिला नंबर त्यानेच येतो, असा माझा समज होता.

मग दिवाळी उरकल्यावर आपण लातूरला मॅडमकडे गेलो. त्यांनी दुर्बिणीने पोट तपासले, रक्त तपासले आणि सांगितले की गोळीने तिचे काम केले आहे. आता तिची गरज उरली आहे का ते हळूहळू पाहू. महिनाभर निम्मी मात्रा, नंतर दिवसाआड, नंतर दोन दिवसांआड, मग बंद. एकदम सोडायची नाही आणि आपल्या मनाने तर मुळीच नाही. मात्रा उतरताना पोटातले आम्ल काही आठवडे उसळून येते, त्याचा अर्थ दुखणे परतले असा नसतो, हेही त्यांनी दोनदा समजावले. मी ते लिहून घेतले. तुम्ही मात्र एकाच वाक्यावर अडून बसलात. गोळी सुटून महिना होईपर्यंत पहाटे उपाशीपोटी झणझणीत रस्सा चाखायचा नाही, असे त्या म्हणाल्या होत्या. "मॅडम, चाखायचं न्हाई तर मी आचारी कशाचा? मला हारच घाला." त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "घरात दुसरी जीभ नाही का?" आणि तुम्ही दोघांनीही माझ्याकडे पाहिलेत. मी भिंतीवरच्या आतड्याच्या चित्राकडे पाहू लागले.

मुदखेडच्या लग्नात मी प्रथम उभी राहिले. चाळीस माणसे राबत होती, भट्टीचा पंखा घोंगावत होता आणि तुम्ही दहा हातांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून आमटीचा नुसता रंग बघत होतात. मी पळीतली आमटी तळहातावर घेतली, चाटली आणि मीठ कमी असल्याचे सांगितले, बहुधा पळीलाच. तुम्ही ओरडलात, "काय म्हणून राहिली?" मी पुन्हा पुटपुटले. तेव्हा चाचांनी पंखा बंद करायला लावला. "पोरगी बोलून राहिली, जरा चूप बसा रे सगळे." साऱ्या मांडवात शांतता पसरली आणि त्या शांततेत मी म्हणाले, "अण्णा, मीठ दोन मुठी लागेल." पोळ्या लाटणाऱ्या धुरपताबाईंनी पोळपाट वाजवला. "बोलती व्हय ही? मला वाटलं निस्ती पुस्तकं वाचती." अण्णा, विद्यापीठात सुवर्णपदक घेतानाही मला इतका आनंद झाला नव्हता.

तुमचा कठीण काळ मी पाहिला आहे. दिवसाआड गोळी सुरू झाल्यावरचा तिसरा आठवडा. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली आईने विटा लावल्या होत्या आणि तुम्ही सकाळी पायथ्याशी गोळा होऊन उठत होतात. "ही झोप हाय का घसरगुंडी?" म्हणून चिडत होतात. त्या आठवड्यात एका दुपारी तुम्ही ओट्यावर एकटेच बसला होतात. छातीवर हात होता, दुसऱ्या हातात गोळ्यांचे पाकीट होते. तो गोळीचा दिवस नव्हता. मी खिडकीत पुस्तक घेऊन बसले होते. तुम्ही पाकीट उलटसुलट केलेत, एक गोळी अंगठ्याने दाबलीत, कागद फाटण्याच्या बेतात आला. मग उठून ते डब्यात ठेवलेत, मॅडमनी दिलेल्या औषधाचे दोन चमचे घेतलेत आणि आईला हाक मारलीत, "तारा, चाल बरं, जरा शेताकडं चक्कर मारू." तुमच्याविषयी इतका अभिमान मला पूर्वी कधी वाटला नव्हता. हे तेव्हाच सांगायला हवे होते.

आता न सांगितलेल्या गोष्टीकडे येते. मी दहावीत असताना नायगावला एका लग्नाचे जेवण तुमच्याकडे होते. मी पंगतीत मैत्रिणींबरोबर बसले होते. पाने मांडली, येसर मसाल्याच्या आमटीचा वास आला आणि समोरच्या ओळीतल्या एका आजोबांनी खिशातून गोळ्यांचे पाकीट काढले. एक स्वतः घेतली आणि मीठ पुढे सरकवावे तसे पाकीट शेजाऱ्याकडे सरकवले. "बसवंतचं जेवन हाय. आधी गोळी, मग आमटी." पाकीट पूर्ण ओळभर फिरले आणि रिकामे होऊन परत आले. कुणाच्याही मनात वाईट नव्हते. ते कौतुकाने हसत होते, डोळ्यांतून पाणी काढत होते आणि पुन्हा पुन्हा आमटी मागत होते. माझ्या मैत्रिणीही हसल्या. मीही हसले. घरी येऊन तुम्हांला मी इतकेच सांगितले की लोकांना जेवण फार आवडले.

ते पाकीट माझ्या डोळ्यांपुढून गेले नाही. आणि यंदा पळी माझ्या हातात आली. चौथ्या लग्नात, शंभर पानांमागे सात वाट्या तिखट हे तुमचे प्रमाण मी मोडले. साडेसहा वाट्या घातल्या. पुढच्या लग्नात सहा. मॅडमनी तुमच्यासाठी जसा तक्ता आखला होता, तसाच मी वहीच्या शेवटच्या पानावर आमटीसाठी आखला. धुरपताबाईंना सांगणे भाग होते, कारण तिखट त्या मोजतात. त्या म्हणाल्या, "पोरी, तुझा बाप मला तव्यावर भाजंल," आणि पुढच्याच क्षणी, "किती कमी करू म्हणतीस?" असे विचारले. उणीव भरून काढायला भाजलेले खोबरे आणि तीळ वाढवले. तुम्ही खुर्चीतून रंग पाहता हे माहीत असल्यामुळे तर्रीच्या लाल रंगासाठी ब्याडगी मिरची मिसळली. एकदा फोडणी पडल्यावर तुम्ही हवा हुंगून म्हणालात, "आज ठसका न्हाई लागला." मी म्हणाले, "वारा तिकडचा आहे, अण्णा." इतके सफाईदार खोटे मी जन्मात बोलले नव्हते. गेल्या दोन लग्नांत प्रमाण चार वाट्यांवर आले आहे.

आणि कुणीही तक्रार केली नाही. उलट चाचा चक्रावून गेले आहेत. साठ जार पाणी ते आणतात, त्यातले वीस भरलेले परत न्यावे लागतात. "बसवंतराव, लोक पानी कम पिऊन राहिले. थंडी हाय म्हणून असंल." फेब्रुवारी सरत आला तेव्हा थंडीचे कारण पुरेना, मग ते म्हणू लागले की जारच मोठे आले असतील. पूर्वी पंगतीतली लहान मुले वरण-भातावरच उठायची, आता वाटी पुढे करतात. एक म्हातारी बाई तिसऱ्यांदा आमटी घेताना वाढप्याला म्हणाली, "आज खोबरं लागून राहिलंय बघ जिभेला." नायगावच्या त्याच कार्यालयाबाहेरच्या औषधवाल्याने तर चाचांना विचारले, "आचारी बदलला का हो?" चाचा त्याच्यावर धावून गेले. "बदलला न्हाई. तोच हाय." ते तुम्हांला सांगणार होते, पण मी त्यांना थांबवले.

अण्णा, मी हे आणखी काही दिवस लपवून ठेवू शकले असते. परंतु शनिवारी तुम्ही आमटी तळहातावर घ्याल आणि ती तुम्हांला सौम्य लागेल. इतकी वर्षे ज्या झणक्यावर तुमचा हात बसला तो तिथे नसेल. तुम्ही कुणाला काही विचारणार नाही. जीभ गेली, असे मनाशी ठरवून पळी खाली ठेवाल, आणि कदाचित डब्यातले ते पाकीटही पुन्हा काढाल. म्हणून लिहिते आहे. ती आमटी खरोखरच सौम्य आहे. ती तशी लागली, तर तुमची जीभ शाबूत आहे, आणि गोळीवाचून शाबूत आहे, असे समजा. मग तिखटाची वाटी तुमच्या हातात असेल. सातपर्यंत न्यायची असेल तर न्या, मी मोजून देईन आणि एक शब्द बोलणार नाही. मात्र त्याआधी एक घोट पूर्ण घ्या आणि खोबरे लागते का ते मला सांगा. मी शुक्रवारच्या गाडीने येत आहे. रागावायचे असेल तर चाळीस माणसांसमोर, पंखा बंद करून रागवा. मला आता मोठ्याने उत्तर देता येते.

आईला नमस्कार. धुरपताबाईंना काही बोलू नका, दोष सर्वस्वी माझा आहे.

शनिवारी पहाटे भट्टीपाशी भेटणारी,
तुमचीच,
शिल्पा