पेत्रूमिस्त्रीचं गाव

रोम, ४ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आईस,
निशीचा येशूच्या नावे सलाम व सा. न. वि. वि.

तुला मोबाईलवरचं बारीक अक्षर लागत नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. विश्वजितनं मोठ्यानं वाचून दाखवावं.

काल संत पीटरच्या मंदिराच्या पवित्र दारातून आत गेले. पंचवीस वर्षांनी येणारं ज्युबिली वर्ष असल्यानं गर्दी जोतिबाच्या चैत्र यात्रेसारखी. तुझ्या गुडघ्यांसाठी मागणं मागितलं. टूरमधली बाकी मंडळी फोटो काढत, आईस्क्रीम खात मजेत आहेत. मला मात्र कुठेच बसवत नाही. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं बायका म्हणतात.

निघताना तू सांगितलंस ते डोक्यातून जात नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत कैदी होऊन भारतात आलेले आपले इटालियन आजोबा सुटल्यावर कोल्हापुरात लोखंडाच्या ओतशाळेत ‘पेत्रूमिस्त्री’ झाले, आपल्या चिमणाआजीशी चर्चमध्ये लग्न केलं, आणि तू चार वर्षांची असताना ‘आई आजारी आहे, बघून येतो’ म्हणून गेले ते गेलेच. ‘तो मेला का आम्हाला विसरला, एवढंच बघून ये,’ म्हणालीस. परवा मोकळा दिवस आहे. लग्नाच्या दाखल्यावर लिहिलेल्या त्यांच्या गावी जाते.

जेवत जा. माया आहेच, तशीच राहू दे.
तुझी, निशिगंधा

कोल्हापूर, ५ ऑक्टोबर

प्रिय ताईस,
विश्वाचा नमस्कार.

पत्र वाचून दाखवल्यापासनं आईच्या दारातनं फाटकापर्यंत येरझाऱ्या चालल्यात. मी कागलला एमआयडीसीत कामावर असलो तरी फोन करती, काय आलं का म्हणून. माझी ऐश्वर्या सांगत हुती, आजी भात पुढ्यात घेती आणि तशीच उठती.

ताई, एक ऐक. गावात काय वाईट निघालं तर फक्त मला लिही. म्हातारा यायलाच निघालता, वाटेत गेला, असं आईला सांगू. डॉक्टरनं बीपीची गोळी वाढवलीया.

आणि तिकडचं चीज आणू नको. मागं आणलेलं मांजरानंबी हुंगून सोडलं.

जीव लावतीसच, आणखी काय मागू?
तुझा, विश्वा

आजोबांचं गाव, ६ ऑक्टोबर

चि. विश्वजित यास,
अनेक आशीर्वाद. हे पत्र फक्त तुझ्यासाठी.

दोन बस बदलून डोंगरावरच्या या गावात पोचले. इथल्या फादरना इंग्रजी येतं. आजोबांचं बेर्तोनी आडनाव सांगताच ते मला कबरस्तानात घेऊन गेले. दगडावर आजोबांचा फोटो बसवलाय. तुझंच नाक. वारले १९८८ साली. म्हणजे आपली आई चाळिशीची होईपर्यंत हा माणूस जिवंत होता. शेजारी त्यांची बायको. ते लग्न लढाईच्या आधीचं, विश्वा. तान्ही मुलगी मागे ठेवून ते लढाईवर गेले होते.

ती मुलगी, लुचिया, आता शहाऐंशी वर्षांची आहे. मी कोण ते फादरनी सांगितल्यावर तिनं दार लावून घेतलं. मी बसथांब्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. बस येण्याआधी काठी टेकत तीच आली. आजोबा निघाले तेव्हा तुझी आई केवढी होती, असं तिनं फादरमार्फत विचारलं. चार वर्षांची, म्हटल्यावर माझा हात धरला तो सोडलाच नाही. तिनं बापाला ओळखण्याच्या वयात पाहिलं ते थेट तेराव्या वर्षी. तोवर तिची आई रोज रात्री तिच्याकडून त्याच्या नावानं प्रार्थना करून घ्यायची. मधली वर्षं कुठे होता, हे त्यानं सांगितलं नाही आणि घरात कुणी विचारलं नाही.

टूरवाल्यांना कळवून रविवारपर्यंत तिच्याच घरी थांबलेय. आईला काय सांगू? खोटं बोलवत नाही, खरं लिहवत नाही.

तुझी, ताई

कोल्हापूर, १० ऑक्टोबर

चि. निशीस,
आईचे आशीर्वाद. येशू तुझ्या पाठीशी असू दे.

विश्वानं पत्र वाचलं आणि फोन खिशात घातला. तोंडावरनंच वळखलं मी. ऐश्वर्याला दम देऊन सगळं वाचून घेतलं. पोरीला कुणी बोलू नका.

मग रंकाळ्यावर जाऊन बसले, तितंबी बसवंना. लोकं मला पळपुट्याची पोर म्हणायची आणि माझी आई त्यांच्याशी भांडायची. तो येणार म्हणून भांडायची. तिला हे कळलं न्हाय, बरं झालं. त्या माणसाला मी माफ केलेलं न्हाय. त्याच्या नावानं चर्चमधी मिस्साची प्रार्थना ठेवू नको. मला जमंल तवा मीच ठेवीन.

पण लुचियाचं काय? माझा गेला तवा तिचा आला. तिनं माझं काय घेतलं, हे लई शोधलं. सापडलं न्हाय. तीबी बिनबापाचीच वाढली की. थोरली हाय माझी. अक्का म्हणून हाक मारली म्हणून सांग, आणि हितं थोरल्या बहिणीला अक्का म्हणत्यात, हे फादरला नीट समजावून सांग.

रविवारी मिस्सा झाल्यावर व्हिडिओ लाव. बाप मला खांद्यावर बसवून ओतशाळेत न्यायचा, मोठ्यानं गाणी म्हणायचा. तिकडं म्हणायचा का, ते तिला विचारायचं हाय. न्हाय म्हणाली, तर मला येतंय तेवढं मी म्हणून दाखवीन. शब्द काय बरोबर नसतील.

नवं लुगडं नेसून खुर्चीत बसते. उठत न्हाय. तू फोन तेवढा हलवू नको.

अक्काचाबी लोभ असू दे.
तुझी, आई