वसतिगृहाच्या माहितीपत्रकातील दुसऱ्या जिन्याबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
महाविद्यालयीन माहिती विभाग,
उच्च शिक्षण कार्यालय.

विषय : मुलींच्या वसतिगृहाच्या माहितीपत्रकातील पान नऊवरची एक ओळ तातडीने दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : १) विद्यार्थी व नागरिकांसाठी महाविद्यालयाने प्रसिद्ध केलेले चालू वर्षाचे माहितीपत्रक.
२) त्यासोबतचा तपासणी दाखला. त्यावर माझी सही आहे.

महोदय,

मी खाली सही करणार, सदर महाविद्यालयात एकोणीस वर्षे सुतारकाम करतो. सगळे मला मिस्त्री म्हणतात. अर्ज लिहिण्याची सवय नाही, तरी अक्षर सांभाळून घ्यावे.

१. नियमाप्रमाणे महाविद्यालयाला आपली माहिती दरवर्षी छापून सर्वांना द्यावी लागते. किती मुले पास झाली, किती मध्येच सोडून गेली, आग लागल्यास बाहेर कसे पडावे, वगैरे. पान नऊवर असे छापले आहे : "वसतिगृहास दोन जिने असून दोन्ही सदैव खुले असतात. धूर दिसताच मागील जिन्याने उतरावे."

२. मागील जिन्याचे तिन्ही मजल्यांवरचे दरवाजे मी स्वतः खिळे ठोकून बंद केलेले आहेत. चार वर्षांपूर्वी परीक्षेच्या दिवसांत ते वाऱ्याने आपटत. रेक्टरबाई म्हणाल्या, "मिस्त्री, पंधरा दिवसांपुरते ठोकून टाका हो, डोकं उठलंय नुसतं." ठोकले. पंधरा दिवसांनी काढायला कोणी सांगितले नाही आणि मीही विसरलो. ही चूक माझी आहे व ती मला मान्य आहे.

३. यंदा माझ्या थोरल्या लेकीला तिथे जागा मिळाली. आमचे घर दोन बस बदलून यावे लागते इतके लांब आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर. तिने जेवताना पत्रक वाचून दाखवले आणि तिच्या आईला म्हणाली, "आई, बघ, दोन जिने आहेत. उगाच काळजी करतेस." तेव्हा मला ते खिळे आठवले. घास हातातच राहिला.

४. दुसऱ्या दिवशी रेक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी कानांवर हात ठेवले. कार्यालय अधीक्षकांनी मला असे समजावले की, दरवाजे ठोकण्याचा लेखी आदेश फाइलमध्ये नाही, त्याअर्थी दरवाजे ठोकलेले नाहीत. आणि जे ठोकलेलेच नाहीत ते उघडण्याचा आदेश काढता येत नाही. मी म्हटले, साहेब, एकदा डोळ्यांनी बघायला चला. ते म्हणाले, "बघितलं तर मला लिहावं लागेल." उलट त्यांनीच तपासणी दाखला पुढे केला. त्यात "दोन्ही मार्ग खुले असल्याची खात्री केली" असे टाइप केलेले होते. मुलीची जागा कर्मचाऱ्यांच्या कोट्यातली आहे, याची आठवणही दिली. मी सही केली. महोदय, मी भित्रा माणूस आहे.

५. काल रविवारी वसतिगृह रिकामे होते. म्हटले, नोकरी जायची तर जावो, खिळे काढू. दुपारी तिसऱ्या मजल्यावरचा दरवाजा उघडला आणि बॅटरी घेऊन जिना उतरलो. तळाशी बाहेर पडायचे दारच नाही. तिथे विटांची भिंत आहे. भिंतीतून आठ बोल्टांची टोके बाहेर आलेली होती, ती मी ओळखली. पलीकडे छापील कागद ठेवण्याची खोली आहे. दोन वर्षांपूर्वी तिथल्या नव्या भिंतीला रॅक मीच बसवले होते. भिंत कोणी बांधली मला माहीत नाही. जिना बंदच आहे म्हणून कोणाला तरी जागा मोकळी दिसली असावी. भिंतीमागे जिना आहे हे रॅक बसवताना माझ्या ध्यानातही आले नाही. यावर आपला विश्वास बसणे कठीण आहे, पण खरे तेच आहे.

६. माझी पाचावर धारण बसली. दरवाजे बंद ठेवले तर मुली बंद दारांवर धडका देत राहतील. उघडे ठेवले तर पत्रकात सांगितल्याप्रमाणे अंधारात खाली उतरतील, मागून आणखी उतरतील, आणि पुढे भिंत. मी बराच वेळ शेवटच्या पायरीवर बसून राहिलो. मग वर येऊन दरवाजा पुन्हा ठोकला. या खेपेला मला कोणी सांगितले नव्हते.

७. तरी विनंती की, भिंत पाडण्याचा आदेश व्हावा. त्याला वेळ लागणार असेल तर निदान पान नऊवर "जिना एकच आहे, तो पुढचा" एवढे छापून सर्वांना कळवावे. दाखल्यावरची माझी सही खोटी समजावी व मला द्यायची ती शिक्षा द्यावी. लेकीची जागा मात्र काढू नये, असे लिहिणार होतो. पण ती जागा राहावी की जावी, हेच आता मला कळेनासे झाले आहे.

वसतिगृह गुरुवारी उघडते. काही झाले तर मागच्या बाजूला पळू नकोस, असे मी लेकीला सांगितले आहे. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "आणि बाकीच्या, बाबा?" बाकीच्या एकशे त्रेसष्ट जणी आहेत. त्यांना पत्रक मिळाले आहे.

आपला नम्र व भयभीत,
मिस्त्री
(पूर्ण नाव वेगळ्या बंद पाकिटात दिले आहे. कृपया ते महाविद्यालयास कळवू नये.)

दिनांक : ९ जून, सोमवार

सोबत : १) माहितीपत्रक, पान नऊ दुमडून. २) तपासणी दाखल्याची प्रत.