मोहरीचे मोजे

अण्णा, मला तुमचा राग आला आहे, आणि त्याहून जास्त एका सहा वर्षांच्या मुलीचा. ती मुलगी आता साठीची आहे, याच शहरात, बेडोकला, लेकाकडे राहते, गुडघ्याला पट्टा बांधून रोज खाडीकाठी फेऱ्या मारते, आणि माझ्याशी फार गोड वागते. तिचा काही दोष नाही, हे मला कळतं. पण कळणं निराळं आणि पोटात दुखणं निराळं. तुम्ही जाऊन छत्तीस वर्षं होऊन गेली, आता भांडायचं तरी कुणाशी, म्हणून वही उघडून बसले आहे. इथे परदेशात, पुंगोलला, आमच्या तेराव्या मजल्याच्या खिडकीतून पाणी दिसतं आणि खालून ती छोटी बिनड्रायव्हरची आगगाडी गोल गोल फिरत राहते. नात शाळेत, मुलगा-सून ऑफिसात. कुकर झाला आहे. कुणी हटकणारं नाही.

सुरुवात झाली ती मुलाने जूनच्या सुट्टीत सिमला-मनालीला जायचं काढलं तेव्हा. "आई, तुला हिमालय दाखवतो," म्हणाला, जशी काही शेजारच्या ब्लॉकमध्ये वास्तुशांत आहे. मी लगेच म्हटलं, "पहिला दिवस चंदीगड, रात्री मुक्काम. दुसरा दिवस सिमला, दुपारी जाखू. तिसरा दिवस नाश्त्यानंतर कुफ्री." तो बघतच राहिला. त्याला काय माहीत, मी वाचायला शिकले ती धड्यांवर नाही, तुमच्या यात्रा कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकांवर. तुम्ही खिशातून घडी घातलेला तो कागद काढून द्यायचात आणि मी चुलीशेजारी बसून एकेक अक्षर लावायची. सातवीतून शाळा सुटली तरी ते कागद सुटले नाहीत. 'वेळ मिळाल्यास मॉल रोडवर खरेदी' हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! आपल्या आळीत दुसरं कुणी पोर नव्हतं ज्याला रोहतांगच्या आधी काय लागतं ते पाठ होतं. आणि दुसरं कुणी नव्हतं ज्याचा बाप दर एप्रिलमध्ये तिथे जायचा आणि त्याला घेऊन जायचा नाही.

तुमची ती तयारी मला अजून दिसते. आई गोडा मसाला कुटते आहे, खोकते आहे. तुम्ही तूरडाळीच्या पोत्याला दाभणाने टाके घालताय. पातेली एकात एक, झारे-उलथणी फडक्यात बांधलेली. "उंचावर डाळ शिजत नाही, मोहरे," तुम्ही मला सांगताय, "पाणी उकळतं लवकर, पण त्यात दम नसतो. झाकणावर धोंडा ठेवायला लागतो." मी तुमची मोहरी. एवढीशी, काळी, आणि जरा ऊब लागली की तडतडणारी. एवढी मंडळी पुण्याहून हिमालय बघायला जाणार आणि तिथे जाऊन त्यांना पिठलं आणि गरम भातच हवा, म्हणून तुम्ही. मला त्या मंडळींचा फार हेवा वाटायचा. निघायच्या दिवशी मी तुम्हाला पोचवायला यायची तेव्हा त्यांच्या मुली नव्या स्वेटरांत घामाघूम होऊन उभ्या असायच्या, भर एप्रिलात, हौस म्हणून. मला वाटायचं, एकीला तरी जुलाब व्हावेत आणि तिच्या जागी मला न्यावं.

पण तुम्ही परत आलात की सगळा हेवा निवायचा. कारण मी विचारायची, "अण्णा, हिमालय कसा दिसतो?" आणि तुम्ही म्हणायचात, "हॉटेलाच्या मागच्या दारासारखा. चार पोती बटाटे आणि बोटं झडतील असं पाणी." मी विचारायची, "आणि बर्फ?" तुम्ही हसायचात. "बर्फ त्यांना. आपल्याला वाफ." झालं, माझं समाधान व्हायचं. तुम्ही तिथे जाऊनही पाहिला नाही, मी न जाता पाहिला नाही. आपण दोघं एका पंगतीला. बासष्ट वर्षांची होईपर्यंत मी त्या पंगतीत बसून होते, अण्णा.

मागच्या महिन्यात एका रविवारी सुनेने चार मराठी घरं जेवायला बोलावली. कुठे काय बघायचं, थंडी किती, घोड्यावर बसायचं की नाही, सगळ्यांचे सल्ले चालू. तेव्हा या बेडोकच्या बाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, पिशवीत जुना अल्बम घेऊन. "आम्ही लहानपणी गेलो होतो हो, पुण्याच्या यात्रा कंपनीबरोबर. काय ती मजा! जेवण तर असं की घरचं फिकं पडावं." असं म्हणत त्यांनी एक पान उघडलं. काळापांढरा फोटो, कोपऱ्यांना त्रिकोणी चिकटपट्ट्या. मागे देवदाराची झाडं, त्यांच्याही मागे पांढरं शुभ्र शिखर. पुढे तुम्ही. मफलर डोक्याला गुंडाळलेला, तोंडभर हसताय, आणि खांद्यावर एक मुलगी.

"हे आमचे आचारीकाका," त्या म्हणाल्या. "मला त्यांनी खांद्यावरून बर्फ दाखवला."

नातीने मान घातली आणि तिच्या शाळेतल्या इथल्या इंग्रजीत विचारलं, "आजी, हू इज धिस अंकल? सो हॅपी लाह, ही!"

खरंच, सो हॅपी. घरी मी तुम्हाला असं हसताना पाहिलं नव्हतं. घरी तुम्ही दमून यायचात आणि भिंतीला टेकून झोपायचात. मला म्हणता आलं असतं, हे माझे वडील. तोंडाशी आलं होतं. पण सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं असतं आणि विचारलं असतं, मग तुम्ही किती वेळा गेलात? म्हणून मी म्हटलं, "वरण वाढू का कुणाला?" आणि स्वयंपाकघरात गेले. मुलगा तुमच्यानंतर जन्मला, आणि आपल्याकडे तुमचा फोटो एकच, म्हातारपणीचा, दात गेलेला. त्याने ओळखायचं कसं?

पाहुणे गेल्यावर मी मुलाला सांगून टाकलं, माझं तिकीट काढू नको, माझे गुडघे चालायचे नाहीत. तो म्हणाला, "अगं, काल तर तू मॉलमधली लिफ्ट बंद म्हणून चार मजले चढलीस!" मी म्हटलं, चढले म्हणूनच दुखतायत. गुडघे कसले दुखतायत? तुम्ही बर्फ पाहिला होता, अण्णा. पाहिला होता, दुसऱ्याच्या मुलीला दाखवला होता, आणि मला येऊन बटाट्याची पोती सांगितलीत.

मग मी हात दाखवून अवलक्षण केलं. त्या बाईंना निरोप पाठवला, तुमचा तो देवदारांचा फोटो फार छान आहे, फोनवर पाठवाल का? त्यांनी तत्काळ पाठवला, खाली तीन फुलं. मला त्यातून ती मुलगी काढून टाकायची होती. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. फोनवर फोटो कापता येतो एवढं ऐकून होते, विचारणार कुणाला? दोन दुपारी बोटं चालवून चालवून आपली आपण शिकले. तिचं डोकं कापलं, रिबनी कापल्या, फ्रॉक कापला. तुमच्या डोक्यावरच्या मफलरापर्यंत सगळं साफ केलं. पण तिचे पाय राहिले. एक तुमच्या डाव्या मुठीत, एक उजव्या. पाय कापायचे तर तुमचे हात जात होते. आणि त्या पायांत मोजे होते, गडद, घोट्याशी पांढरे चौकोन एकापुढे एक.

मी चष्मा पुसला. ते मोजे मला माहीत होते.

तुम्हाला तो दिवस आठवतो का? मी आठ वर्षांची. तुम्ही मनालीहून आला आहात, अंगाला धुराचा वास आहे. तुम्ही पिशवीतून लाल लोकरीचे मोजे काढता, घोट्याशी पांढरे चौकोन, आणि म्हणता, "घाल बघू." ते माझ्या टाचेपर्यंतच चढतात. मी ओढते, ते पुढे जात नाहीत. आणि मला भयंकर राग येतो, की बापाला माझ्या पायाचं मापसुद्धा ठाऊक नाही. मी मोजे तुमच्या अंगावर फेकते. "मला मोजे नकोत, मला न्यायचं होतं!" आई हात उगारते. तुम्ही तिला थांबवता, मोजे उचलता, झटकता आणि म्हणता, "पदरी पडलं ते पवित्र म्हणावं, मोहरे. फेकू नये." एवढंच. तुम्ही कधी ओरडलातच नाही, तेही ओरडणं नव्हतं. त्यानंतर ते मोजे तुम्ही हातांत घालून गरम पातेली उतरवायला लागलात. दहा वर्षं तरी. लाल रंग जाऊन काळे झाले, बोटांशी जळले, आईने दोनदा ठिगळं लावली. मी रोज बघत होते आणि एकदाही म्हटलं नाही, की अण्णा, ते माझे आहेत.

परवा मी बेडोकला गेले. गुडघे ठीक होते. बाजाराशेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्या एका छपराखाली असतात तिथे, आम्ही दोघी चहा घेऊन बसलो, तो दाट दुधाचा, वरून ओतलेला. मी सहज विचारल्यासारखं केलं, "त्या फोटोतले मोजे छान होते हो तुमचे."

"माझे कुठले, ताई!" त्या एकदम म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा सहा वर्षांचा झाला. "तेच तर माझं दुःख आहे. ऐका. बाकी सगळे रोहतांगला जायला निघाले आणि मी गाडीत बसल्याबसल्या ओकले, बूट-बिट सगळं माखलं. आईला रोहतांग बघायचा होता. काका म्हणाले, राहू दे माझ्यापाशी, मी बघतो. त्यांनी बूट धुऊन भट्टीशी वाळत घातले. मी रडायला लागले, मला बर्फ बघायचाय. पायात काही नाही, म्हणून त्यांनी खांद्यावर घेतलं आणि हिडिंबेच्या देवळाकडे नेलं. तिथे बायका मोजे विणत बसलेल्या. काकांनी एक जोड घेतला, माझ्या पायाला लावून बघितला, घातला. मला वाटलं, मलाच घेतला! फिरता फोटोवाला आला, त्याने फोटो काढला. संध्याकाळी बूट वाळले तशी त्यांनी माझ्या पायातले मोजे काढले, झटकले आणि आपल्या पिशवीत ठेवले."

"का?" मी म्हटलं.

"म्हणाले, हे मोहरीचे आहेत. मी भोकाड पसरलं, कोण मोहरी? तर म्हणे, माझी लेक. तुझ्यापेक्षा जरा मोठी असेल, पण एवढंच माप असणार, निघताना तेवढीच होती. आणि मला बजावलं, पुण्यात कधी भेटलीच तर सांगू नकोस हं, आपण बर्फ बघितला म्हणून. तिच्याआधी बघितला असं कळलं तर तडतडेल." त्या हसल्या, चहाचा घोट घेतला. "खरं सांगू, ताई? मला आयुष्यात कुणाचा एवढा हेवा वाटला नाही जेवढा त्या मोहरीचा वाटला. माझे वडील चांगलेच होते. पण माझ्या पायाचं माप कुणा परक्या मुलीच्या पायावर घेत ते कुठे हिंडले नसते. वाटायचं, कोण असेल ती भाग्यवान कार्टी."

मी म्हटलं, "असेल कुणीतरी." आणि कप उचलून ठेवायला गेले. इथे भांडी आपली आपण ठेवायची असतात, ते बरं पडलं.

घरी येताना गाडीत सगळा वेळ माझं तुमच्याशी भांडण चालू होतं. मला सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं? तडतडले असते, खरं आहे. दोन दिवस जेवले नसते. पण तिसऱ्या दिवशी विचारलं असतं, कसा होता? आणि तुम्ही सांगितलं असतंत. तुमच्या तोंडून बर्फ ऐकायचा राहिला, तो आता कुठल्या गाडीने गेले तरी दिसायचा नाही. आणि काही झालं तरी खांद्यावर ती होती, मी नव्हते. मोजे माझे, खांदा तिचा. ही आग काही विझत नाही, तुम्हाला वाटत असेल विझली, तर नाही.

काल मुलाला सांगितलं, तिकीट काढ. तो म्हणाला, "आणि गुडघे?" मी म्हटलं, खांद्यावर घेशील का? तो हसला, त्याला तो विनोद वाटला. बेडोकच्या बाईही येणार आहेत, दोन्ही घरांचं एकत्र ठरलं आहे. कापलेला फोटो मी पुसून टाकला आणि अख्खा ठेवला, रिबनींसकट. तेवढं मन मोठं झालं.

पण अजून एवढं नाही झालं, की त्यांना सांगावं मोहरी कोण ते. रोज फोन हातात घेते, रोज ठेवते. जन्मभर मी दुसऱ्यांचा हेवा केला, स्वेटरवाल्या मुलींचा, या बाईंचा, परवापर्यंत तुमचासुद्धा. आणि चोपन्न वर्षं कुणीतरी माझा करत होतं, मला पत्ताच नव्हता. सांगितलं की त्या गळ्यात पडतील, रडतील, आणि तो हेवा संपेल. आणखी थोडे दिवस राहू दे, अण्णा. मनालीला देवदारांखाली सांगेन. बहुतेक.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून ओव्हनच्या हातमोज्यात सरकवते. इथे ओव्हन माझ्याशिवाय कुणी लावत नाही. आणि एक तेवढं सांगते, तेव्हा सांगितलं नाही ते. मोजे फेकले त्याच दुपारी तुम्ही आंघोळीला गेलात, तेव्हा मी ते चढवून, टाचा बाहेर ठेवून, घरभर चालले होते. उबदार होते.