एकशे वीस किलोमीटरचा टप्पा

३ मार्च
लेकीचा फोन. सातवा महिना, आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायला बंदी केलीय! ती येऊ शकत नाही. ह्यांना गर्दीत न्यायचं नाही, म्हणजे रेल्वे बाद, बस बाद. "आई, बाबांना एकदा घेऊन ये ना." एवढंच म्हणाली आणि रडली.

ह्यांच्या डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलंय — फार तर दोन महिने. ह्यांना कळू दिलेलं नाही.

चारशे ऐंशी किलोमीटर. आमची विजेवरची गाडी एका चार्जमध्ये एकशे सतरा जाते. भाजी आणायला घेतलेली!

४ मार्च
हे सकाळपासून वही घेऊन बसलेत. सगळी नोकरी वजनकाट्यावर ट्रक तोलण्यात गेली, आता घर तोलताहेत. चार्जिंगचे थांबे, प्रत्येक पिशवीचं वजन. थर्मास भरलेला वेगळा, रिकामा वेगळा! किती दिवसांनी शीळ घालताना ऐकलं. बरं वाटलं.

७ मार्च
घोडं अडलं. तिसरा टप्पा एकशे वीसचा, मध्ये कुठेही चार्जिंग नाही. तीन किलोमीटर कमी पडतात. म्हटलं, भाड्याने मोठी गाडी करू. "घरची असताना?" हेका सोडतील तर शपथ!

१२ मार्च
वजन कमी तर पल्ला जास्त, म्हणून मागची सीट काढली. पाने-पकडी, पायपुसणी, सगळं बाहेर. रोज सराव, आणि चालवायची मीच. शेजारून सूचना चालूच — "अगं, पाय हलका ठेव. उतारावर सोडून दे." पस्तीस वर्षांत स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, आणि आता केबल कशी लावायची, चार्जर बंद निघाला तर कुणाला फोन करायचा, दहादहा वेळा घोकून घेतात. मी वैतागले. "तुम्ही असताना मला कशाला पाठ हवं?" नुसते हसले.

१९ मार्च
काट्यावर उभे राहिले. त्रेसष्ट. गेल्या महिन्यात एकाहत्तर होते.

"बघ, अर्धा किलोमीटर वाढला!" स्वतःच टाळी वाजवली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

२० मार्च
ह्यांनी दोन घास खाल्ले. तेही माझ्यासाठी.

२४ मार्च
लेकीने विचारलं, निघताय कधी? "दोन किलोमीटरचं अडलंय गं," हे म्हणाले. माझा तोल सुटला. दोन किलोमीटर मी ढकलत नेईन, पण चला! दिवस काय बसून राहणार आहेत का? बोलून गेले आणि जीभ चावली. ह्यांनी वही मिटली. "घाई करू नकोस. गणित जमलंय, वहीत आहे." मग काय अडलंय, ते सांगेनात.

२५ मार्च
हे झोपलेत. वही उघडली. जमलेलं गणित पहिल्याच पानावर, ४ मार्चचं. निघायची तारीख — मेचा शेवटचा आठवडा, बाळ येईल तेव्हा; त्याआधी लेकीला धक्का नको. चालवणार ही, अठ्ठावन्न किलो. पिशव्या, अकरा. थर्मास, भरलेला. तिसऱ्या टप्प्यानंतर दीड किलोमीटर शिल्लक. शेजारची सीट — शून्य किलो.