असेसरला घर दाखवलं

२ मार्च
इथल्या प्रांताच्या सरकारने विक्रीकर कमी केला. झकास! लगेच नवा फ्रिज घेतला. अरुणाला म्हटलं, बघ, सरकारला शेवटी माझ्यासारख्यांची काळजी आहे. जुन्याला काय धाड भरली होती, असं तिने विचारलं. बायकोला इकॉनॉमी कळत नाही.

१९ मे
प्रॉपर्टी टॅक्सची नोटीस. डोळेच फिरले! विक्रीकरातला वाटा प्रांत आमच्या शहराला द्यायचा, तो आटला. बस चालवायची, बर्फ काढायचं, पैसे हवेतच. मग भरपाई कुणाकडून? घरवाल्यांकडून! हा काय चावटपणा आहे?

त्यात कामावर माझे तास कमी झालेत. अरुणा म्हणते, बेसमेंटमधल्या कृतिकाचं भाडं वाढवा. मुळीच नाही. साताऱ्याची पोर, इथे परदेशात कॉलेज सांभाळून ग्रोसरीच्या दुकानात उभी राहते. पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळेपर्यंत भाडं वाढवणार नाही, असा शब्द दिलाय मी. शब्द म्हणजे शब्द.

२० मे
अपील करणार. घराची किंमत कमी ठरली की टॅक्स कमी. सोप्पं आहे. किंमत ठरवायला सिटीचा असेसर येईल, त्याच्यासमोर घर अगदी यथातथा दिसलं पाहिजे. अरुणाला बजावलं, तू जास्त बोलू नकोस.

११ जून, सकाळ
आज असेसर येणार. चांगले पडदे काढून ठेवले. भिंतीचा पोपडा मुद्दाम तसाच.

११ जून, दुपार
फत्ते! असेसर बाई फारच छान. हॉल बघूनच निघाल्या होत्या, पुरे म्हणाल्या. पण घरी आलेल्या माणसाला घर न दाखवता कसं पाठवायचं? आपल्यात असं करतात का? चहा पाजला. वरच्या खोल्या दाखवल्या. मग बेसमेंट. टाइल्स मी स्वतः बसवल्यात, वेगळं किचन, वॉशरूम, सगळं दाखवलं. हे आमच्या रेकॉर्डवर नाहीच, म्हणाल्या. मी म्हटलं, कसं असेल, घरच्या घरी केलंय! भरपूर कौतुक केलं, फोटो काढले. अरुणा सारखी डोळे वटारत होती. चहात साखर कमी पडली असावी.

३ जुलै
घराची किंमत वाढवली. टॅक्स आधीपेक्षाही जास्त. एवढा पाहुणचार करून!
अरुणाशी कडाक्याचं भांडण. भरायचे कुठून, हेच सारखं विचारते. भीती वाटतेय, कुणाला सांगणार? उद्या कृतिकाशी बोलतो. भाडं मी नाही, सिटी वाढवतेय. फरक आहे.

४ जुलै
नाही बोललो. तिने उपमा आणून दिला. खाल्ल्या उपम्यावर असं बोलू नये.

९ जुलै
आज नक्की. पण तिची शिफ्ट होती.

३१ जुलै
कृतिका गेली. मी तोंड उघडायच्या आधीच. वर बोललेलं खाली सगळं ऐकू येतं म्हणे. चार मुलींच्या खोलीत जागा मिळालीये, काका, टेन्शन घेऊ नका, असं तीच मला म्हणाली. निघताना वाकून नमस्कार केला. आशीर्वाद म्हणून काही लागलं तर सांग, म्हणालो. ती बरं म्हणाली.